जाबसाल

आमच्या नेरूळच्या सोसायटीत लिफ्टच्या देखभालीचा दिवस ठरवायचा होता. सेक्रेटरींनी व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर कळवले की, कंपनीचा माणूस दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी दुपारी येईल, तीन तास लिफ्ट बंद राहील, कुणाची हरकत असल्यास लिहावे. मी लिहिले, "शुक्रवारी दुपारी नको. पाचव्या मजल्यावरच्या आजींना त्या दिवशी डायलिसिस करून घरी आणतात, त्यांना जिना चढवणार नाही." दोनच वाक्ये. पाच मिनिटांत एका शेजाऱ्यांचे उत्तर आले. त्यांनी माझे पहिले वाक्य तेवढे उचलले होते आणि खाली लिहिले होते, "शुक्रवारी दुपारी का नको, ते कळले. पण सोसायटी सगळ्यांची आहे."

माझे नाव वाचून त्यांनी शुक्रवारचा अर्थ लावला होता. मी राहतो दुसऱ्या मजल्यावर आणि मशिदीत जायला जिन्यानेच उतरतो, हा भाग वेगळा. पण आता चर्चा सुरू झाली होती. कुणी लिहिले, धर्म घरात ठेवावा. कुणी लिहिले, मग गणपतीत लिफ्ट बंद ठेवायची का? काही जण माझ्या बाजूने धावून आले. एकाने नमाजाची नेमकी वेळ शोधून काढून, दोन तासांनी उशीर केला तर यांची सोय होईल, असे सुचवले. माझ्या विरुद्ध लिहिणाऱ्यांनी दुसरे वाक्य वाचले नव्हते, आणि माझ्या बाजूने लिहिणाऱ्यांनीही नाही. संध्याकाळपर्यंत चाळीसएक उत्तरे झाली. पाचव्या मजल्यावरच्या आजी त्यांत कुठेच नव्हत्या.

मी गप्प बसलो. राग आला होता हे खरे. पण माझ्या डोक्यात एक वेगळाच प्रश्न घोळत राहिला. चारचौघांत कुणी काही विचारले, तर उत्तर कसे द्यावे, याची काही रीत आपल्याकडे होती की नव्हती?

मला पहिल्यांदा वडील आठवले. ते गावी, रायगड जिल्ह्यात, मराठी शाळेत शिक्षक होते. माझे काका कुवेतला. त्यांचे हवाई पत्र महिन्यातून एकदा यायचे, निळ्या पातळ कागदाचे. वडील ते सगळ्यांना वाचून दाखवत, मग रात्री उत्तराला बसत. आलेले पत्र डावीकडे, कोरा कागद उजवीकडे, आणि कानावर पेन्सिल. काकांनी विचारलेला एकेक प्रश्न ते आधी आपल्या पत्रात लिहीत: "तू विचारलेस की विहिरीचे काम कुठवर आले," आणि मग उत्तर. उत्तर लिहून झाले की डावीकडच्या पत्रात त्या ओळीवर पेन्सिलीने बारीक खूण. सगळ्या ओळींवर खुणा झाल्याशिवाय पत्र बंद होत नसे. मी एकदा विचारले, "काकांना माहीत आहे ना त्यांनी काय विचारले ते, पुन्हा कशाला लिहायचे?" ते म्हणाले, "त्याने विचारून महिना झाला. त्याला काय आठवणार? आणि मला बरोबर कळले की नाही, हे त्याला कसे कळणार?"

ही दुसरी ओळ मला तेव्हा समजली नव्हती.

पुढे मोडी वाचायला थोडेफार शिकलो, तेव्हा वडिलांची ही रीत वडिलांची नव्हती हे लक्षात आले. पेशवाईतली पत्रे पाहावीत. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड १९३० ते १९३४ या काळात संपादित केले. ते मोठ्या ग्रंथालयांत मिळतात. पत्राच्या आरंभी मायना असतो. कुणाला 'राजमान्य राजश्री' म्हणावे, कुणाला 'वडिलांचे सेवेसी', कुणाला 'चिरंजीव', याचे नियम ठरलेले. हेमाडपंतांच्या नावावर सांगितली जाणारी मेस्तके या कामासाठीच होती. शिवकालीन पत्रांत तर 'मशहूरल अनाम' हा अरबी वळणाचा मायना मराठी नावांच्या आधी सहज येऊन बसतो. माणूस लोकांत प्रसिद्ध आहे, एवढाच त्याचा अर्थ. मायना लिहिणाऱ्या कारकुनाला त्यात वावगे वाटत नव्हते.

पण मला मायन्यापेक्षा पुढचा भाग मोलाचा वाटतो. मायना आणि कुशल झाले की उत्तर देणारा लिहितो, आपण पत्र पाठविले ते पावले, लिहिला मजकूर कळला. एवढ्यावर तो थांबत नाही. तो मजकूर पुन्हा लिहितो. तुम्ही अमुक लिहिले, म्हणून एक मुद्दा. मग 'ऐशास' किंवा 'त्यास' असा शब्द. आणि त्यानंतर त्याचे स्वतःचे म्हणणे. मग पुढचा मुद्दा, पुन्हा 'ऐशास'. मोडीत ओळभर शिरोरेषा आधी ओढून घेत आणि खाली अक्षरे लिहीत जात. दोन शब्दांमध्ये जागा नाही, पूर्णविराम नाही, परिच्छेद नाही. अशा सलग मजकुरात समोरच्याचे कुठे संपले आणि माझे कुठे सुरू झाले, हे सांगणारी खूण म्हणजे तो 'ऐशास'. वाद मोठा असेल तर कलमवार यादी होई आणि एकेका कलमाखाली त्याचा निवाडा लिहिला जाई. एखाद्या कलमाखाली उत्तर नसले तर ते उघडे दिसे.

यामागे सभ्यता होती तशी निकडही होती. दिल्लीहून किंवा कर्नाटकातून कासीद पुण्याला यायला किती दिवस लागत, याचा विचार करा. वाटेत एखादे पत्र हरवे. उत्तर पोहोचेपर्यंत तिकडची परिस्थिती बदललेली असे. त्यामुळे उत्तराला आपल्या पायांवर उभे राहावे लागे. मूळ पत्र समोर नसले तरी कशाचे उत्तर आहे ते कळले पाहिजे. आणि पत्र कुठे संपले हेही कळले पाहिजे, नाहीतर कुणी खाली दोन ओळी घुसडायचा. म्हणून शेवटी मोर्तब. शिवाजी महाराजांच्या मोर्तबेवर 'मर्यादेयं विराजते' अशी अक्षरे आहेत. इथे मर्यादा शोभते. पत्र संपले, आता यापुढे कुणी काही जोडू नये. आमच्या ग्रुपवर एखाद्या चर्चेच्या शेवटी अशी मोर्तब करायची सोय असती तर बरे झाले असते, असे मला पुष्कळदा वाटते.

या सगळ्या व्यवहाराला पेशवाईत एक सुंदर शब्द होता: जाबसाल. जबाब आणि सवाल या दोन शब्दांची ही मराठी जोडी. बोलणी, वाटाघाट, खुलासा, हे सारे त्यात आले. जाबसाल करायला माणूस पाठवला, जाबसाल तुटला, असे म्हणत. मोलस्वर्थच्या कोशात हा शब्द आहे. शिवाजी महाराजांच्या काळात रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून राजव्यवहारकोश तयार झाला, फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द सुचवले गेले, तरी जाबसाल पेशव्यांच्या कागदांत राहिलाच. यात सवालाच्या आधी जबाब आहे, हे मला कवी म्हणून फार आवडते. भाषेत ते उच्चाराच्या सोयीने झाले असेल. पण आधी जबाब द्या, मग आपला सवाल करा, ही रीत आपल्या शाहिरांनी खरोखरच पाळली आहे.

कलगी-तुऱ्याचा सामना ज्यांनी ऐकला असेल त्यांना हे सांगायला नको. एका बाजूला शक्ती श्रेष्ठ मानणारे कलगीवाले, दुसऱ्या बाजूला शिव श्रेष्ठ मानणारे तुरेवाले. एकाने डफावर भेदिक लावणीतून कूट सवाल टाकायचा, दुसऱ्याने तो उकलायचा. उकलल्यावाचून आपला सवाल पुढे रेटला तर श्रोते हसत. आणि उत्तर देणारा आधी समोरच्याचा सवाल आपल्या तोंडाने गाऊन घेई, कारण मागच्या रांगेतल्याला तो ऐकू गेलेला नसे. सगनभाऊंसारखा शिकलगार, जातीने मुसलमान, जेजुरीचा, लावणी रचतो आणि होनाजी बाळाच्या तोडीस तोड उभा राहतो. त्याचे नाव वाचून त्याच्या सवालाचा अर्थ कुणी लावत नसे. निदान मी तसे समजतो. समजायला मला बरे वाटते.

छापखाना आल्यावर हीच रीत कागदावर उतरली. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' निघाले, १८४१ मध्ये भाऊ महाजनांचे 'प्रभाकर'. त्यात १८४८ पासून लोकहितवादींची पत्रे आली. पण मला सांगायची आहे ती गोष्ट याच सुमाराची, पण जरा वेगळी. स्कॉटलंडचे मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आले. गिरगाव चौपाटीवरचे विल्सन कॉलेज त्यांच्याच नावाचे. १८३१ मध्ये त्यांचा आणि मोरभट दांडेकरांचा जाहीर वाद झाला. मोरभटांनी मग आपली बाजू 'हिंदुधर्मस्थापना' या पुस्तिकेत मांडली. विल्सन यांनी १८३२ मध्ये तिला इंग्रजीतून उत्तर दिले. ते उत्तर गोड नाही. हिंदू धर्माचे वाभाडे काढायलाच ते लिहिलेले आहे. पण त्या पुस्तकाच्या आरंभी विल्सन यांनी काय छापले? मोरभटांच्या पुस्तिकेचे भाषांतर. आधी प्रतिपक्षाचे म्हणणे, मग आपले. पुढे याच विल्सन यांचा इस्फहानच्या हाजी मुहम्मद हाशिम यांच्याशी इस्लामवरून लेखी वाद झाला. माझ्या धर्माबद्दल विल्सन यांनी जे लिहिले ते मला मुळीच पटत नाही. तरी ज्याला उत्तर द्यायचे त्याचे नाव घेऊन, त्याचे म्हणणे समोर ठेवून, लिहून उत्तर देणारा माणूस मला त्या चाळीस उत्तरांपेक्षा जवळचा वाटतो.

मोरभटांना अशा वादाचे शिक्षण वेगळे घ्यावे लागले नसणार. आधी पूर्वपक्ष, मग उत्तरपक्ष, ही शास्त्रीपंडितांची जुनी शिस्त. बी.ए.ला असताना तत्त्वज्ञानाच्या तासाला आम्हाला न्यायसूत्रांतली निग्रहस्थाने शिकवली होती. वादात माणूस कुठे कुठे हरला असे समजावे, त्याच्या या बावीस जागा. तेव्हा परीक्षेपुरती पाठ केली. आता काढून वाचली तर एक एक जागा ग्रुपवरची वाटू लागली. विषय सोडून भलतेच बोलणे, हे एक निग्रहस्थान. तेच तेच पुन्हा सांगणे, हे एक. आणि एकाचे नाव आहे अननुभाषण. प्रतिपक्षाने आपले म्हणणे तीनदा सांगितले, सभेला ते कळले, आणि तरीही तुम्हाला ते म्हणून दाखवता आले नाही, तर तुम्ही हरलात. खोडता आले नाही म्हणून नव्हे. नुसते म्हणून दाखवता आले नाही म्हणून. पुनरुक्तीच्या दोषाला मात्र तिथे एक अपवाद आहे, तो अनुवादाचा. कारणाने केलेले पुनःकथन दोषात धरायचे नाही. आज आपण अनुवाद म्हणजे भाषांतर समजतो, पण शब्दाचा मूळ अर्थ एवढाच: मागाहून म्हणणे.

त्याच शास्त्रात छल नावाचा प्रकार आहे. बोलणाऱ्याच्या शब्दाला त्याच्या मनात नसलेला अर्थ चिकटवायचा आणि त्या अर्थाला उत्तर द्यायचे. त्याचे उदाहरण मोठे गमतीचे आहे. कुणी म्हणाला, हा मुलगा 'नवकंबल' आहे, म्हणजे याचे कांबळे नवे आहे. दुसरा म्हणतो, छे, नऊ कांबळी कुठे आहेत, याच्याकडे तर एकच! शुक्रवारी दुपारी नको, या माझ्या तीन शब्दांचे हेच झाले होते.

आता मुंबईच्या समुद्रकिनाऱ्याकडे वळतो. विष्णुबुवा ब्रह्मचारी, मूळचे विष्णू भिकाजी गोखले, १८२५ मध्ये माणगाव तालुक्यातल्या शिरवली गावी जन्मले, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातले. काही वर्षे कस्टम खात्यात नोकरी केली, ती सोडून सप्तशृंगीच्या गडावर जाऊन राहिले, आणि १८५६ मध्ये मुंबईत आले. मिशनऱ्यांची प्रवचने तेव्हा उघड्यावर होत. बुवा तिथे जाऊन प्रश्न विचारू लागले. १५ जानेवारी १८५७ पासून या जाबसालाला रीतसर रूप आले. समुद्रकिनारी, उघड्या आभाळाखाली, गर्दीसमोर, एका बाजूला बुवा आणि दुसऱ्या बाजूला मिशनरी. जॉर्ज बोवेन हे त्यांतले प्रमुख. हा अमेरिकेचा माणूस १८४८ मध्ये मुंबईत आला, गोरगरिबांच्या वस्तीत फकिरासारखा राहिला आणि १८८८ मध्ये इथेच वारला.

ही सभा चालली २८ मेपर्यंत. पंचांग काढून पाहिले तर पहिला दिवसही गुरुवार आणि शेवटचाही गुरुवार. दरम्यान १० मे रोजी मेरठला ठिणगी पडली होती आणि देश पेटत होता. त्या दिवसांत धर्मावरून भर गर्दीत वाद घालणारी ही माणसे. मे अखेरीस सभा थांबल्या, ते त्या काळाला धरूनच झाले. मला नवल वाटते ते याचे की, तोपर्यंत त्या चालल्या.

मिशनऱ्यांची बरीचशी तयारी पुराणांतल्या कथांवर हल्ला करायची असे. बुवा म्हणत, मी वेदोक्त धर्म सांगतो, त्याबद्दल बोला. १८५९ मध्ये त्यांनी आपल्या ग्रंथाला नावच दिले 'वेदोक्तधर्मप्रकाश'. म्हणजे भांडण पुष्कळदा याच गोष्टीचे होते की, मी जे म्हटलेच नाही त्याला तुम्ही उत्तर देता. उलट बाजूनेही तसे झाले असणार. बुवा काही पडती बाजू घेणारे गृहस्थ नव्हते. पण समोर श्रोते होते आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच वाळूवर यायचे होते. उगीच काहीही तोंडात घालून पळता येत नव्हते.

या वादाची दोन पुस्तके आहेत. बोवेन यांनी १८५७ मध्येच इंग्रजीत वृत्तान्त छापला. बुवा १८७१ मध्ये गेले आणि १८७२ मध्ये त्यांच्या बाजूचे 'समुद्रकिनारीचा वादविवाद' मराठीत आले. वाद एक, टिपणे दोन. कुणाचे खरे, यात मला पडायचे नाही. पण दोन्ही पुस्तकांना एक गोष्ट चुकवता आली नाही. समोरच्याचे म्हणणे आपल्या हाताने लिहून काढावे लागले. त्याशिवाय आपण काय जिंकलो, हे वाचकाला सांगताच आले नसते.

ही रीत म्हणजे मवाळपणा, असा कुणाचा समज होऊ नये. शिवाय त्या वाळूवर वाद घालणारे पुरुषच होते, हेही खरे. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवर भ्रूणहत्येचा खटला झाला. त्यानिमित्ताने वर्तमानपत्रांतून समस्त बायकांना दूषणे सुरू झाली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून त्याला उत्तर दिले. भाषा अशी की आजही वाचताना चटका बसतो. पण बांधणी पाहा. बायकांवरचा एकेक आरोप त्या पुढे घेतात, तो काय आहे ते सांगतात, आणि मग तोच आरोप पुरुषांच्या पदरात टाकतात. आरोप वगळत नाहीत, अर्धवट घेत नाहीत. त्या पुस्तकावर जी टीका झाली ती पुरते न वाचता केलेली असावी, असे मला राहून राहून वाटते. महात्मा फुले यांनी १८८५ मध्ये 'सत्सार'मधून ताराबाईंची बाजू घेतली.

आता सोय किती आहे बघा. कुणाच्या मजकुरावर बोट ठेवून उजवीकडे सरकवले की तो आपल्या उत्तराच्या वर आपोआप चिकटतो. २०१६ पासून ही सोय आहे. ज्याला आमच्या वडिलांना कानावर पेन्सिल ठेवून रात्र लागायची, ते एका बोटाने होते. पण त्या चौकटीत मजकुराचा वरचा तुकडाच दिसतो, उरलेला झाकलेला राहतो. लोक तेवढेच वाचतात. शिवाय हवे तेवढे वाक्य कापून चिकटवता येते, जसे माझ्या शेजाऱ्यांनी केले. मुद्दाम केले की घाईत, हे मी अजून ठरवलेले नाही.

आणखी एक गोष्ट नवी मुंबईची. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, खाडीकाठच्या भातशेतांवर आणि मिठागरांवर नोड उभे राहिले आणि देशभरातून माणसे येऊन राहिली. गावात शेजाऱ्याच्या तीन पिढ्या ठाऊक असतात, त्याचे अर्धे वाक्यही आपण पुरे करून घेतो. इथे दारावरची पाटी तेवढी ठाऊक असते. मग वाक्य पुरे करायला लोक पाटीवरचे नाव वापरतात. मीही वापरले असेल कधी कुणाचे.

नऊ दिवस मी ग्रुपवर काही लिहिले नाही. दहाव्या दिवशी सकाळी बसलो आणि वडिलांसारखे लिहिले. आधी शेजाऱ्यांचे नाव, त्यापुढे 'साहेब'. मग त्यांचा मजकूर जसाच्या तसा, सोसायटी सगळ्यांची आहे या वाक्यासह, आणि त्याखाली, "हे मला मान्य आहे." मग माझा पहिला मजकूर, दोन्ही वाक्ये. त्याखाली, "यातल्या दुसऱ्या वाक्याचे उत्तर राहिले आहे." शेवटी फक्त नाव. नमाजाबद्दल एक अक्षर लिहिले नाही. त्याचा मोह फार झाला होता.

दुपारपर्यंत कुणीच काही बोलले नाही. मग त्या शेजाऱ्यांचे उत्तर आले. "दुसरे वाक्य वाचले नव्हते. आजींना किती वाजता आणतात?"

मी लिहिले, "साडेतीनच्या सुमारास. सोमवार, बुधवार, शुक्रवार."

लिफ्टचा माणूस आता मंगळवारी येतो.